‘मी येथे मजेत आहे’ : नाशिकच्या निवासी शाळेत काढलेली वर्षं

तापीकाठ
नमस्कार मंडळी.

माझा धाकटा भाऊ शहाद्याला असतो. त्याच्या मुलाला येत्या जूनपासून नाशिकजवळच्या एका निवासी शाळेत घालायचं त्याच्या मनात आहे. पोरगं दहा वर्षांचं. गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला, "दादा, तू सहा वर्षं काढलीस ना तिकडे? तुझं चांगलंच झालं. मग घालू का?" मी म्हटलं, दिवाळीत येतो तेव्हा बोलू. फोन ठेवला आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

जून १९८८. मी पाचवीत जाणार होतो. अण्णांनी धुळ्याहून पत्र्याची हिरवी ट्रंक आणली, पेंटरकडून तिच्यावर माझं नाव आणि खाली ‘जि. धुळे’ लिहून घेतलं. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती. पहाटेची एसटी. धुळे, मालेगाव, राहुडचा घाट, चांदवड, पिंपळगाव. नाशिकच्या सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलो तेव्हा दुपार टळली होती. अण्णांनी मला उसाचा रस पाजला, शाळेत जाऊन फी भरली, ट्रंक खाटेखाली सरकवली आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून लगेच निघाले. मी फाटकापर्यंत गेलो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्याचा मला कित्येक वर्षं राग होता.

पहिल्याच रात्री दहावीच्या मुलांनी आमच्या ट्रंका उघडल्या. आईने दिलेल्या सांजोऱ्या आमच्यासमोर बसून खाल्ल्या आणि रिकामा डबा मलाच घासायला लावला. पुढे कळलं की हे काहीच नव्हतं. एकाची चूक झाली की अख्ख्या हॉलला शिक्षा. हात पालथे ठेवायचे आणि पट्टी आडवी नाही, धारेने. बोटांची हाडं रात्रभर ठणकायची.

दर रविवारी सकाळी पत्रलेखनाचा तास असे. फळ्यावर मायना लिहिलेला: तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. त्याखाली पहिलं वाक्यही तयारच, ‘मी येथे मजेत आहे.’ अंतर्देशीय पत्र उघडंच द्यायचं. रेक्टर वाचणार, मग चिकटवणार. सहा वर्षांतल्या माझ्या प्रत्येक पत्राचं पहिलं वाक्य तेच आहे.

एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. पहिल्या डिसेंबरात, थंडी हाडात शिरली असताना, माझ्या नावाचं पार्सल आलं. आत गोधडी. आईच्या दोन जुन्या लुगड्यांची, मधे अण्णांच्या धोतराचा थर. मी मागितली नव्हती. मागायची सोयच नव्हती. त्या एका गोधडीवर मी सहा हिवाळे काढले.

तुमच्यापैकी जे कोणी असे लांब राहिले असतील त्यांना विचारायचं आहे. तुम्ही कशाच्या जोरावर तगलात? आणि घरी काय सांगितलंत?

पहाटपाणी
मी लातूरकडचा. नाशिकची थंडी म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगून कळत नाही. निफाडचा पारा पेपरात छापून येतो, पण आमची शाळा गंगापूर धरणाच्या बाजूला, उघड्या माळावर. पहाटे पाचला शिट्टी. उघडा हौद, रात्रभर गारठलेलं पाणी. ओळीत उभं राहायचं आणि प्रीफेक्टने, म्हणजे आमच्यावर नेमलेल्या मोठ्या मुलाने, ‘एक’ म्हटलं की पहिला तांब्या डोक्यावर. ‘एक’ म्हणायला तो मुद्दाम वेळ लावायचा. बंब होता, पण तो सरांच्या क्वार्टर्ससाठी.

मी काय केलं ते सांगतो. पुढच्या मुलाच्या मानेवर एक तीळ होता. ‘एक’ ऐकू येईपर्यंत मी त्या तिळाकडे एकटक बघायचो, बाकी सगळं विसरून. आज ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट घाबरला की त्याला म्हणतो, समोर एखादी बारीक गोष्ट धरा आणि तिच्याकडेच बघत राहा.

घरी काहीच सांगितलं नाही. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरली होती. काय तोंडाने सांगणार?

द्राक्षमळा
आईशप्पथ, मीही त्याच भागातला! पण मी खाण्यावर बोलणार.

आमच्या मेसचं उप्पीट असं की ताटली उलटी धरली तरी खाली पडत नसे. एकाने पैज लावून ताटली उपडी करून डोक्यावर धरली होती, टोपीसारखी. वरणात डाळ शोधायला बसलं तर दुसरी घंटा व्हायची. कायम भूक. बाराव्या-तेराव्या वर्षी पोरगं सकाळी खातं ते दहाला जिरतं, आणि आम्हाला जेवण एक वाजता.

आमच्या कंपाउंडला लागून द्राक्षबाग होती. फेब्रुवारीत घड भरले की वास भिंतीवरून यायचा. एका दुपारी आम्ही तिघं तारेखालून सरपटत आत गेलो आणि घड तोडून तसाच तोंडात घालायला लागलो. मागून आवाज आला, "थांबा! खाऊ नका!" बागवान. आमचे पायच लटपटले. त्याने हातातले घड काढून घेतले. मण्यांवर निळसर डाग होते, ते दाखवून म्हणाला, "हे मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारलंय, बोर्डो म्हणतात त्याला. असं खाल्लं तर पोट फिरेल." मग आम्हाला विहिरीवर नेलं, बादलीत घड बुडवून स्वतःच्या हाताने तीन पाण्यांनी धुतले आणि बांधावर बसवून खायला दिले. आम्ही खाईपर्यंत तो काही बोलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "माझा पोरगा बी तुमच्याएवढाच हाय. रविवारी या. तारेखालनं नका येऊ, फाटकातनं या."

आम्ही तीन हंगाम गेलो. शाळेत कोणाला पत्ता लागला नाही. तापीकाठ, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तो माणूस आहे.

सावधान_विश्राम
धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडणारा कोणी दिसत नाही म्हणून लिहितो.

मी येवला तालुक्यातला, घरी कोरडवाहू आठ एकर. आठवीपर्यंत गावात होतो आणि सरळ सांगायचं तर वाया चाललो होतो. तंबाखू, पत्ते, शाळेला दांडी. मामाने धरून नाशिकच्या निवासी शाळेत घातलं. पहिले सहा महिने मार खाल्ला, मैदानाला फेऱ्या मारल्या, रडलो. पण पाचला उठायला शिकलो, अंथरुणाची घडी घालायला शिकलो, इंग्रजी बोलायला शिकलो. पुढे सैन्यात बावीस वर्षं नोकरी केली. देवळाली कॅम्पला तोफखान्याचं शिक्षण घेताना रात्री सरावाच्या तोफा वाजायच्या तेव्हा बाकीचे दचकायचे. मी दचकलो नाही. कारण शाळेत असताना हाच आवाज लांबून ऐकत मी झोपलेलो होतो.

त्या शाळेने मला माणूस केलं. सगळ्यालाच छळ म्हणणं मला पटत नाही. आजची मुलं जरा आवाज चढवला की कोमेजतात.

रानजाई
सावधान_विश्राम, तुमचा आदर ठेवून लिहिते. मी कधी निवासी शाळेत नव्हते. माझा भाऊ होता. मी घरी होते.

दिवाळीला दादा पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी नऊ वर्षांची, तो अकरा. आई ताटात तिसरी पोळी वाढून आत वळली आणि दादाने ती दुमडून पटकन चड्डीच्या खिशात घातली. त्याला वाटलं कोणी पाहिलं नाही. रात्री त्याच्या उशाखाली चार पोळ्या होत्या, एकीला मुंग्या लागलेल्या. मी आईला सांगितलं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने झोपताना त्याच्या उशाशी झाकण घातलेला डबा ठेवायला सुरुवात केली, पोळी आणि गूळ. दादानेही कधी विचारलं नाही तो डबा कुठून येतो. सुट्टी संपल्यावर तो परत गेला. त्याला पाठवू नका असं घरात कोणी म्हटलं नाही, मीही नाही.

दादा आज मोठ्या हुद्द्यावर आहे. तोही तुमच्यासारखंच म्हणतो, शाळेने मला घडवलं. पण अजून पंगतीत बसला की त्याचा डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा असतो. वहिनी हसते. मला हसू येत नाही.

सावधान_विश्राम
रानजाई, वाचलं. यावर लगेच काही लिहीत नाही.

खिडकीपाशी
वाचतेय. पोळीवर थांबले. नंतर येते.

तिकीटघर
थोडं विषयांतर, पण मूळ पोस्टमधल्या पत्राशी जोडलेलं आहे.

आम्ही मूळ नाशिकरोडचे. माझे वडील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. हा छापखाना १९२५ चा. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची, ती १९२६ पासून इथे छापली जाऊ लागली. लहानपणी आम्हाला अभिमान वाटायचा की देशात कुठेही पत्र गेलं तरी त्यावरचं तिकीट आमच्या गावचं. तापीकाठ यांचं लिहिणं वाचून प्रथमच असं मनात आलं की तिथून दहा-पंधरा किलोमीटरवर मुलं अंतर्देशीय पत्र पुढ्यात घेऊन बसली होती आणि फळ्यावरचं वाक्य उतरवून घेत होती. वडील आज हयात नाहीत. असते तर त्यांना हे सांगितलं असतं. ते फार हळवे होते.

द्राक्षमळा
आमच्याकडे पत्राची पळवाट होती. डे-स्कॉलर, म्हणजे रोज घरून येणाऱ्या पोरांकडे पोस्टकार्ड द्यायचो, ते बाहेरच्या लाल पेटीत टाकायचे. मोबदला एक पेन किंवा तीन गोट्या. एकदा एका पोराने गोट्याही घेतल्या आणि कार्डही सरांना दिलं. त्यानंतर त्या पोराला अख्ख्या वर्गाने क्रिकेटमध्ये फक्त फील्डिंग दिली, दहावीपर्यंत!

पहाटपाणी
आम्हाला नव्वदच्या दशकात एसटीडी बूथ मिळाला. रात्री अकरानंतर पाव दर. पण अकराला फाटक बंद. त्यामुळे आम्हाला महागाचाच फोन, आणि काचेबाहेर रांग. मागे उभ्या असलेल्या पोरासमोर कोण रडणार? मीटरवरचे आकडे बघत "हो आई, हो आई" करायचं आणि ठेवायचं.

गिरणाकाठ
मी बागलाणातला, घरी अहिराणी बोलणारे. शाळेत पहिल्या दिवशी ‘काय शे?’ (काय आहे?) म्हणालो आणि पुढची तीन वर्षं माझं नावच ‘शे’ पडलं. त्यामुळे मी बोलणंच कमी केलं.

१९९१ चा सिंहस्थ. गोदावरीवर स्नानाला अख्खा महाराष्ट्र लोटला होता. माझी आजी गावच्या बायकांबरोबर ट्रकमधून रामकुंडावर आली. स्नान झालं, बायका परत निघाल्या, आजी म्हणाली मी नातवाला भेटल्याबिगर येत नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. कागदावर शाळेचं नाव कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, ते दाखवत, विचारत विचारत, ओल्या लुगड्याने ती आमच्या फाटकाशी आली. भेटीचा दिवस नव्हता. शिपाई आत सोडेना. ती फाटकालाच पाठ लावून बसली. शेवटी मला दहा मिनिटांसाठी बाहेर पाठवलं.

तिने पिशवीतून कळ्यांचे लाडू काढले आणि माझ्या हातावर ठेवायला गेली. हात बघितला. पालथा केला. बोटांच्या पेरांवर काळेनिळे वळ होते. तापीकाठ, तुम्ही लिहिलंय ना, पट्टी धारेने. तेच.

"हाई काय शे रे भाऊ?"

तीन वर्षं जो शब्द ऐकला की माझी मान खाली जायची, तोच शब्द. मी काही बोलू शकलो नाही. ती उठली. शिपायाला म्हणाली, तुमच्या साहेबाला बोलाव. सर आले. आजीने आवाज चढवला नाही. माझा हात धरून त्यांच्या समोर केला आणि नुसती उभी राहिली. सर बोलत होते, शिस्त, अभ्यास, मुलांच्या भल्यासाठी. ती ऐकत होती आणि हात सोडत नव्हती. मग मला म्हणाली, "चाल घर."

माझी ट्रंक पुढच्या आठवड्यात काका घेऊन आले. मी दहावी सटाण्याला केली. साध्या शाळेत, साध्या मार्कांनी. आज माझं शेतीच्या औजारांचं दुकान आहे. मला कधी वाटलं नाही की माझं काही बुडालं.

खिडकीपाशी
तुमच्या आजीला नमस्कार. ओल्या लुगड्याने फाटकाशी बसलेली दिसतेय मला.

नागलीची_भाकर
सगळं वाचलं. मी वेगळ्या शाळेतला आहे, पण लिहितो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आईबापांनी निवडून, पैसे भरून पाठवलं होतं. आमच्याकडे निवड नव्हती. पाड्यावर शाळाच नाही, म्हणून आश्रमशाळा. मी सुरगाण्याकडचा. शाळा घरापासून डोंगरातून पायवाटेने जेमतेम पाच तास. तुम्ही एसटीचा लांबचा प्रवास सांगता, पण सहा वर्षांच्या मुलाला पाच तासही तेवढेच लांब.

दिवसा ज्या वर्गात शिकायचं, रात्री बाकं भिंतीला लावून तिथेच झोपायचं. पावसाळ्यात पत्रा गळायचा तिथे बादली, आणि बादलीभोवती आम्ही. घरी कोकणा, आमची आदिवासी बोली, बोलायचो. वर्गात घरचा शब्द तोंडातून आला की छडी. त्यामुळे पहिली दोन वर्षं मला ‘मुका’ समजत होते.

मी तीनदा पळून घरी गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बापाने मला जेवू घातलं, नागलीची भाकर आणि उडदाचं वरण, आणि रात्रीच परत घेऊन निघाला. वाटेत अंधार. मला वाटलं शाळेत सोडून तो लगेच जाईल. गेला नाही. माझ्या वर्गाच्या बाहेर ओट्यावर टॉवेल अंथरून आडवा झाला. म्हणाला, "मी हाय इथं. झोप." पहाटे उठलो तेव्हा तो गेला होता, टॉवेल तिथेच ठेवून. त्यानंतर मी पळालो नाही.

आज मी आश्रमशाळेत शिक्षक आहे. ट्रायबलचं मुख्य ऑफिस, म्हणजे आदिवासी विकासाचं आयुक्तालय, नाशिकलाच आहे, त्यामुळे कामानिमित्त नाशिकला येणं असतं, पण जीव तिकडे डोंगरातच. माझ्या वर्गात पहिलीची मुलं पहिले तीन महिने कोकण्यातच बोलतात, मीही त्यांच्याशी तसंच बोलतो. दर रविवारी संध्याकाळी माझा मोबाइल प्रत्येकाला पाच मिनिटं देतो. स्पीकर बंद. आणि मी खोलीबाहेर जाऊन उभा राहतो. त्यांनी काय सांगावं ते त्यांचं.

तापीकाठ
नागलीची_भाकर, शेवटची ओळ मी भावाला आत्ता वाचून दाखवली. फोनवर तो बराच वेळ गप्प होता.

फळा_खडू
मी नाशिकमधल्या एका शाळेत मुख्याध्यापिका होते, आता निवृत्त. काही गोष्टी पालकांना माहीत असाव्यात म्हणून लिहिते.

मुलाला मारणं हा आज शिस्तीचा भाग राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना बंदी आहे. हा कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी. याशिवाय २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ७५ वं कलम आहे. मूल ज्या संस्थेच्या हवाली केलं, तिथल्याच माणसाने त्याच्याशी क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आणि १०९८ हा मुलांसाठीचा नंबर फुकट आणि चोवीस तास चालू असतो. निवासी शाळेत जाणाऱ्या मुलाला तो पाढ्यासारखा पाठ करून द्या.

पण कायदा फाटकाच्या बाहेर थांबतो, हे मी माझ्या नोकरीत पाहिलं आहे. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक, स्विमिंग टँक, कॉम्प्युटर लॅब बाजूला ठेवा. न कळवता जा. आंघोळीच्या वेळी जा, पाणी गरम आहे का बोट घालून बघा. मेसमध्ये मुलांबरोबर जेवा. संडासांना आतून कड्या आहेत का बघा. पाचवीच्या आणि दहावीच्या मुलांच्या खोल्या वेगळ्या आहेत का, रात्री तिथे कोण मोठं माणूस असतं, ते विचारा. आणि फोन करताना मुलाजवळ कोण उभं असतं, हे जरूर विचारा.

द्राक्षमळा
मॅडम, संडासाच्या कड्या! हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. आभार.

कंदील_दोनचा
मी इथे फारसा लिहीत नाही. आज लिहितो.

मी सातवीपर्यंत अंथरूण ओलं करायचो. घरी कधी होत नव्हतं, शाळेत गेल्यावर सुरू झालं. शिक्षा अशी की ती गादी डोक्यावर घेऊन सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मैदानाला फेरी मारायची. मुलं टाळ्या वाजवायची. मी संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणं बंद केलं. तरी व्हायचं.

आमच्याकडे रात्रपाळीला एक पहारेकरी काका होते. हातात कंदील, अंगावर खाकी घोंगडी. माझ्या गादीच्या पाचव्या-सहाव्या फेरीनंतर एका रात्री त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून उठवलं. काही न बोलता कंदील पुढे धरून मला बाहेर नेलं आणि परत आणून झोपवलं. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्रीही. बरोबर दोनला. दीड वर्ष. ज्या रात्री त्यांची सुट्टी असे त्या रात्री बदलीच्या माणसाला सांगून जायचे. आमच्यात या विषयावर एक अक्षर बोलणं झालं नाही. दिवसा भेटले तर ओळखही दाखवायचे नाहीत, कोणाला कळू नये म्हणून.

माझी गादी कोरडी राहायला लागली. मग मी परत पाणी प्यायला लागलो.

मी आज बावन्न वर्षांचा आहे. मला अजून रोज दोनला जाग येते.

पहाटपाणी
कंदील_दोनचा, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. डॉक्टर म्हणून एवढंच सांगतो: नव्या, धास्तीच्या जागी मुलांना असं होतं. त्यात त्या मुलाची काडीची चूक नसते. जे वाचतायत आणि ज्यांना हे कोणी कधी सांगितलं नाही, त्यांच्यासाठी.

रानजाई
एक दिसतंय का सगळ्यांना? बागवान, आजी, ओट्यावर झोपलेला बाप, पहारेकरी काका. ज्यांना आपण शाळा म्हणतो, त्यांच्यापैकी यात कोणीच नाही.

सावधान_विश्राम, एक विचारू? राग मानू नका. तुम्हाला मुलं आहेत का, आणि त्यांना पाठवलंत का?

सावधान_विश्राम
मुलगा आहे.

नाही पाठवलं. बायको पाठव म्हणत होती, माझ्या सारख्या बदल्या व्हायच्या म्हणून. मी तिला म्हटलं शाळा बदलत राहील, हरकत नाही, पण पोरगं आपल्याबरोबर राहील. कारण विचारलं तेव्हा सांगता आलं नाही.

शाळेने मला घडवलं हे मी मागे घेत नाही. पण पाचला उठायला मला एका माणसाने शिकवलं, आमच्या पीटीच्या सरांनी, आणि त्यांनी उभ्या जन्मात कोणाला हात लावला नाही. ते आमच्या आधी उठून मैदानावर पळत असायचे. मार देणारे वेगळे होते. मी इतकी वर्षं दोघांचा हिशेब एकाच खात्यात लिहीत आलो.

नागलीची_भाकर
दादा, हे लिहायलाही हिंमत लागते.

तापीकाठ
दिवाळी करून काल परत आलो. उशीर झाला, माफ करा. सगळे प्रतिसाद प्रिंट काढून घेऊन गेलो होतो.

पाडव्याच्या दिवशी दुपारी भाऊ, आई आणि मी ओसरीवर बसलो. मी भावाला वाचून दाखवत होतो. आईला आता कमी ऐकू येतं, ती वाती वळत होती. मधेच उठून आत गेली आणि बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. माझी सगळी पत्रं. दोऱ्याने बांधलेली, वर्षावार.

तिने वरचा गठ्ठा सोडला, एक पत्र शोधून काढलं आणि माझ्या हातात दिलं. नोव्हेंबर १९८८. तीर्थरूप अण्णांस. मी येथे मजेत आहे. अभ्यास चांगला चालू आहे. आणि त्याखाली एक ओळ काळ्या शाईने खोडलेली. आडव्या रेघा, त्यावर उभ्या रेघा, कागद फाटेपर्यंत. रेक्टरची शाई. मी निळ्याने लिहायचो.

मला मी त्या ओळीत काय लिहिलं होतं ते आजही आठवत नाही. लिहिलं होतं हेच आठवत नव्हतं.

आई म्हणाली, "हे पत्र आलं त्या रात्री तुझे अण्णा झोपल्यावर मी ते दिव्यासमोर धरलं. पुढून, मागून. सगळं गिचमिड. एक ‘थ’ लागला, आणि त्याच्या डोक्यावरचा टिंब खोडाखोडीच्या वर राहिला होता. ‘थं’. थंडीच असणार, दुसरं काय? सकाळी दोन लुगडी फाडली." अण्णांनी विचारलं होतं, पोराने मागितलीय का? ती म्हणाली, हो.

भावाने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि ट्यूबलाइटकडे तोंड करून धरलं. बराच वेळ बघत होता. पुतण्या आला, "पप्पा, काय बघताय?" भावाने त्याला जवळ ओढून टिंब दाखवला.

जूनचं अजून काही ठरलेलं नाही. भावाचं म्हणणं, गावात आठवीनंतर चांगली शाळा नाही हे खरंच आहे, आणि सगळ्या शाळा सारख्या नसतात हेही खरं. पण तो येत्या बुधवारी माझ्याकडे येतोय. गुरुवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघं त्या शाळेत जाणार, न कळवता. फळा_खडू मॅडम, तुमची सगळी वाक्यं त्याने वहीत उतरवून घेतली आहेत.

आईने निघताना विचारलं, गोधडी आहे का रे अजून? आहे. एका बाजूने उसवली आहे. ती म्हणाली, पुढच्या वेळी घेऊन ये, टाके घालून देते.

फळा_खडू
त्यातलं पाण्यात बोट घालायचं विसरू नका. आणि गेल्यावर आधी पहारेकऱ्याशी बोला. मुलांची नावं त्याला माहीत आहेत का बघा.

कंदील_दोनचा
हो. आधी त्याच्याशी.

रानजाई
गुरुवारचं कळवा. वाट बघते.

पहाटपाणी
स्वेटर घालून जा दोघेही. तिकडे माळावर पहाटे अजून तसाच वारा असतो.